निवृत्तीनंतर उगवणारे विष

फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एक रस्ता गुलाबी झाला. सांडलेल्या रसायनांनी डांबराचा रंग पालटला, वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, वाहिन्यांनी तोच रस्ता पुन्हा पुन्हा दाखवला आणि अखेर तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी स्वतः येऊन पाहणी केली. जानेवारी २०१४ मध्ये याच शहरात हिरवा पाऊस पडला होता, तेव्हाही असाच गहजब झाला होता. मे २०१६ आणि मे २०२४ मधील स्फोटांनी तर माणसांचे बळी घेतले. रस्ता रंगला की शासन जागे होते, स्फोट झाला की चौकशी समिती बसते. परंतु तो रंग ज्याच्या हातून गोणीत भरला जातो, ज्याच्या नखांत तो मुरतो, ज्याच्या श्वासावाटे आणि त्वचेवाटे तो रक्तात उतरतो, त्या कामगाराच्या मूत्राशयात वीस वर्षांनी गाठ उगवते तेव्हा कोणीही धावत नाही. कारण त्या दिवशी तो कामगार राहिलेलाच नसतो. तो निवृत्त झालेला, कारखाना बंद पडल्याने गावी परतलेला किंवा ठेकेदाराच्या वहीतून नाव खोडला गेलेला एक सर्वसामान्य रुग्ण असतो.

आपल्या औद्योगिक व्यवस्थेचे हे पाप आहे आणि ते बिनबोभाट चालू आहे. यंत्रात हात सापडला तर तो अपघात दिसतो, त्याची तारीख असते, साक्षीदार असतात, भरपाईचा हिशेब असतो. रसायनाने होणाऱ्या रोगाला तारीख नसते. तो पाळीच्या वेळेत होत नाही, फाटकाच्या आत होत नाही, बहुधा नोकरीच्या काळातही होत नाही. आपले कायदे, आपली तपासणी यंत्रणा, आपल्या कामगार संघटना आणि आपली रुग्णालये यांची सारी रचना मात्र अपघात डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. ज्या शत्रूची चाल वीस-तीस वर्षांची, त्याच्याशी आपण दोन वर्षांच्या मुदतीच्या कायद्याने लढायला निघालो आहोत!

सव्वाशे वर्षांपूर्वीचा इशारा

रंगाच्या कारखान्यातील कर्करोग हा काही आज लागलेला शोध नव्हे. फ्रँकफर्ट येथील शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग आढळत असल्याचे जाहीर केले होते. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ॲनिलीन कारखान्यांतील या रोगावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला आणि बेंझिडीन व बीटा-नॅप्थिलअमीन या रसायनांकडे बोट दाखवले. ब्रिटनमध्ये रॉबर्ट केस या संशोधकाने रासायनिक उद्योगातील कामगारांच्या जुन्या नोंदी आणि मृत्यूचे दाखले एकमेकांशी ताडून पाहिले आणि १९५४ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. रसायनाशी आलेला पहिला संबंध आणि रोगाचे निदान यांत सर्वसाधारणपणे दीड-दोन दशकांचे अंतर असते, हे त्यातून निर्विवादपणे पुढे आले. ब्रिटनमध्ये बीटा-नॅप्थिलअमीनचे उत्पादन १९४९ मध्येच थांबले होते.

या रोगाची वाट समजून घेतली पाहिजे. ही रसायने त्वचेतून आणि श्वासातून शरीरात शिरतात. यकृत त्यांचे रूपांतर करून त्यांना मूत्रावाटे बाहेर धाडू पाहते. मूत्र मूत्राशयात साठून राहते तेवढ्या वेळात त्या विषाचे अंश तेथील पेशींच्या डीएनएला चिकटतात. काही दिवसांत मूत्रातले रसायन निघून जाते, पुरावा धुतला जातो. पेशीत पडलेली खोट मात्र मागे राहते आणि वर्षानुवर्षे मुकाट वाढत जाते. पुढे एके दिवशी लघवीवाटे, कोणतीही वेदना न होता, रक्त जाते. तेव्हा निदान झाले तर उपचार शक्य असतात. परंतु दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो, उष्णता झाली म्हणून घरचे औषध घेतो, आणि त्याने आयुष्यभर कोणत्या पिंपातून कोणती भुकटी उपसली हे त्याला तपासणाऱ्या डॉक्टरला ठाऊक नसते.

इटलीचे वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी व्यवसायजन्य रोगांवरील आपल्या ग्रंथात १७०० साली सांगून ठेवले होते की, रोग्याला त्याचा धंदाही विचारावा. तीनशे वर्षांनंतर आपल्या रुग्णालयांतील केसपेपरवर धंद्याच्या रकान्यात ‘नोकरी’ एवढाच शब्द लिहिलेला असतो. कोणती नोकरी? कोणत्या खात्यात? रिॲक्टरवर की ड्रायरवर? हे विचारायला कोणाला सवड नसते.

जर्मन ग्राहकाची त्वचा, भारतीय कामगाराचे मूत्राशय

पश्चिमेने हा धडा आपल्या कामगारांच्या मरणातून घेतला. अमेरिकेने १९७४ मध्ये बेंझिडीन आणि बीटा-नॅप्थिलअमीन यांच्यासह १४ कर्करोगकारक रसायनांवर कडक निर्बंध घातले. तेथील कारखान्यांना हे उत्पादन नकोसे झाले. पण रंगीत कापड मात्र कोणालाच नकोसे झाले नव्हते. ही रसायने हाताळणारे कारखाने भारतात चालूच राहिले. १९९० च्या दशकात भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून अहमदाबादच्या कारखान्यांतील कामगारांचा अभ्यास केला. त्यांच्या मूत्रातून मिळालेल्या मूत्रमार्गाच्या पेशींत, डीएनएला चिकटलेले बेंझिडीनचे अवशेष सापडले. हा शोधनिबंध १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्वतःच्या देशात जे काम जवळजवळ हद्दपार झाले होते, त्याचे मानवी शरीरावरील परिणाम अभ्यासण्यासाठी भारतीय कामगार उपलब्ध होता, ही वस्तुस्थिती कोणत्याही स्वाभिमानी भारतीयाची मान खाली घालायला लावणारी आहे.

याहून बोचरी गोष्ट पुढेच आहे. १९९४ मध्ये जर्मनीने नियम केला की, ज्यांच्यापासून कर्करोगकारक अमीन सुटू शकतात असे ॲझो रंग अंगाला लागणाऱ्या कापडात चालणार नाहीत. निर्यातीवर संकट आले. दिल्लीत धावपळ उडाली आणि मार्च १९९७ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अशा शंभराहून अधिक रंगांच्या हाताळणीवर बंदी घातली. बंदी योग्यच होती. पण ती कोणासाठी आली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. १८९५ चा इशारा, १९२१ चा अहवाल, १९५४ चे संशोधन यांपैकी कशानेही जे घडले नाही, ते जर्मन ग्राहकाच्या सदऱ्याने घडवून आणले. सदरा घालणाऱ्याच्या त्वचेची काळजी घेण्यात आली. त्या सदऱ्याचा रंग उघड्या हातांनी ढवळणारा माणूस कोणाच्या हिशेबात नव्हता.

१९९७ पूर्वी जे तरुण त्या रंगांच्या फिल्टर प्रेसपाशी आणि ड्रायरपाशी उभे होते, ते आज पन्नाशी, साठी, सत्तरीत आहेत. रोग उगवण्याचे वय त्यांना आता आले आहे. त्यांची यादी कोठे आहे? गुजरातेत, ठाणे जिल्ह्यात, कोकणात अशी किती माणसे आहेत, त्यांतील किती जण हयात आहेत, कोणाला तपासणीची गरज आहे? बंदीचा कागद निघाला. ज्यांच्या शरीरात बी आधीच पेरले गेले होते त्यांना शोधून काढण्याची देशव्यापी मोहीम मात्र निघाली नाही. बैल गेला आणि झोपा केला म्हणावे, तर येथे झोपासुद्धा अर्धाच बांधला गेला.

मरणे मोजली म्हणून कळले

नोंद ठेवल्याने काय साधते, याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे प्लॅस्टिकसाठी लागणाऱ्या व्हिनाइल क्लोराईडचा मोठा कारखाना होता. १९७४ च्या जानेवारीत तेथील कामगारांपैकी तिघांचे मृत्यू यकृताच्या एका अत्यंत दुर्मीळ कर्करोगाने झाल्याचे जाहीर झाले. कारखान्याच्या डॉक्टरांना हा योगायोग खटकला, कारण कोण कोणत्या कामावर होता आणि कोण कशाने गेला हे त्यांना माहीत होते. त्यानंतर वर्षभरातच त्या देशाने हवेतील व्हिनाइल क्लोराईडची मर्यादा दशलक्ष भागांत ५०० भागांवरून एका भागावर आणण्याचा नियम केला. उद्योग बुडेल अशी ओरड झाली. उद्योग बुडाला नाही. त्याने बंद रिॲक्टर आणि नवी पद्धत शोधली, आणि आजही जगभर प्लॅस्टिकचे नळ त्याच रसायनापासून बनतात.

हा रोग दुर्मीळ होता म्हणून डोळ्यांत भरला. पण रसायनाने होणारा रोग जेव्हा चारचौघांना होणाऱ्या रोगासारखाच दिसतो तेव्हा काय? रेयॉनच्या कारखान्यांत वापरले जाणारे कार्बन डायसल्फाईड हे मज्जातंतूंना इजा करते, हे जुनेच ज्ञान आहे. १९६८ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिले की, हे रसायन जेथे हवेत अधिक असते त्या खात्यातील कामगार हृदयविकाराने अधिक प्रमाणात मरतात. हृदयविकाराच्या झटक्याने गेलेल्या माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर कार्बन डायसल्फाईड हा शब्द कधी उमटेल काय? हजारो माणसांच्या कामाच्या आणि मृत्यूच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तरच हे सत्य दिसते. ज्या देशात या नोंदी नाहीत त्या देशात हे रोग नसतात असे नव्हे. ते फक्त दिसत नाहीत. आणि जे दिसत नाही ते नाहीच, असे म्हणणाऱ्यांची सोय होते.

कचऱ्याला परतीचे तिकीट मिळाले

विकसित देशांतून आपल्याकडे येणारे उद्योग कोणत्या अटींवर येतात, याचा विचार करण्यासाठी तमिळनाडूतील कोडाईकनालचे प्रकरण पुरेसे आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील वॉटरटाऊन येथे असलेला पाऱ्याच्या तापमापकांचा कारखाना तेथून हलवून १९८० च्या दशकात कोडाईकनालला आणला गेला. पारा बाहेरून यायचा, तापमापक बाहेर जायचे. येथे राहायची ती पाऱ्याची वाफ. पाऱ्याची वाफ मूत्रपिंडांना आणि मज्जासंस्थेला घातक असते, हे वैद्यकशास्त्राला शतकानुशतके ठाऊक आहे. मार्च २००१ मध्ये पारामिश्रित फुटक्या काचेचा साठा गावातल्या भंगाराच्या आवारात उघडकीस आला आणि कारखाना बंद झाला. तेव्हा तो हिंदुस्थान लिव्हर, म्हणजे आजच्या हिंदुस्थान युनिलिव्हर या कंपनीच्या ताब्यात होता.

पुढे काय झाले? पारायुक्त कचरा, सुमारे २९० टन, २००३ मध्ये जहाजाने अमेरिकेला परत पाठवण्यात आला. कामगारांना मात्र २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. समित्या नेमल्या गेल्या, अहवाल आले, वाद चालूच राहिला. अखेर मार्च २०१६ मध्ये, म्हणजे कारखाना बंद झाल्यानंतर १५ वर्षांनी, ५९१ माजी कामगारांशी तडजोड झाली. कामामुळे कामगारांच्या आरोग्याला अपाय झाल्याचे कंपनीने कधीच मान्य केले नाही. कचऱ्याला दोन वर्षांत परतीचे तिकीट मिळाले, माणसांना १५ वर्षे थांबावे लागले.

या वादाच्या मुळाशी असलेली अडचण ध्यानात घ्यायला हवी. पाऱ्याचा संपर्क थांबला की रक्तातील आणि लघवीतील त्याचे प्रमाण काही महिन्यांत उतरते. पाच-सात वर्षांनी तपासणी केली तर पारा सापडत नाही. इजा असते, पण तिचा कर्ता निसटलेला असतो. अशा रोगांत सिद्धता करायची तर ती कामाच्या काळातल्या नोंदींवरूनच करता येते. आणि त्या नोंदी असतात मालकाच्या कपाटात. आरोपीच्या घरात पुरावा आणि फिर्यादीवर तो आणण्याची जबाबदारी, असा हा न्याय आहे.

दोन वर्षांची चौकट

कायदे नाहीत असे कोणी म्हणू नये. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. कलम ४१-सी नुसार धोकादायक प्रक्रियेतील कामगाराची तपासणी कामावर घेण्यापूर्वी, काम करत असताना आणि काम सोडल्यानंतरही, प्रत्येक बारा महिन्यांच्या आत एकदा, मालकाने करायची होती. ‘काम सोडल्यानंतरही’ हे शब्द कायद्याच्या पुस्तकात होते. निवृत्त कामगाराला दरवर्षी पत्र धाडून तपासणीला बोलावणारा कारखाना शोधायचा तर दिवसाढवळ्या दिवा घेऊन फिरावे लागेल. त्याच अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ रोगांची यादी होती आणि तीत व्यवसायजन्य कर्करोगही होता. असा रोगी आढळला तर डॉक्टरने शासनाला कळवणे बंधनकारक होते. पण डॉक्टरने धंदाच विचारला नाही तर तो कळवणार काय?

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात ऐतिहासिक निवाडा दिला. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या प्रारंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. न्यायमूर्तींना रोगाची चाल उमगली होती. हा आदेश ॲस्बेस्टॉसपुरता होता. बेंझिन, क्रोमियम, रंगांतील अमीन यांच्यापाशी काम करणाऱ्यांचे आयुष्य काही स्वस्त नव्हते. तरी हे तत्त्व सर्व कर्करोगकारक रसायनांना लागू करण्याची बुद्धी गेल्या तीन दशकांत कोणत्याही रंगाच्या सरकारला झाली नाही.

उलट भरपाईचा कायदा पाहावा. १९२३ च्या कायद्यात तरतूद होती की, कामगाराने नोकरी सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत रोगाची लक्षणे दिसली तर ती त्या नोकरीशी जोडता येतील. कर्करोग वीस वर्षांनी येतो आणि कायदा दोन वर्षे वाट पाहतो! ही चौकट २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही उतरली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा विनामूल्य तपासणी, ही त्यांतील स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु साखर आणि रक्तदाब मोजून मूत्राशयाचा कर्करोग सापडत नाही. ज्याने जे रसायन हाताळले त्यानुसार तपासणी ठरली पाहिजे, आणि ती निवृत्तीच्या दिवशी थांबता कामा नये. अन्यथा जुन्या बाटलीवर नवी चिठ्ठी चिकटवल्यासारखे होईल.

नाव नसलेला कामगार

कायम कामगाराची ही कथा, तर ठेकेदाराच्या माणसाचे काय विचारावे? रासायनिक कारखान्यात सर्वांत घातक कामे कोणती? रिकाम्या रिॲक्टरमध्ये उतरून तळ खरवडणे, गाळ उपसणे, गोण्या फोडून भुकटी ओतणे, पिंपे धुणे. ही कामे कायम कामगार करत नाही. ती करतो ठेकेदाराने आणलेला हेल्पर. तो कधी मराठवाड्यातला असतो, कधी उत्तर प्रदेश, बिहार वा ओडिशातला. तो सहा महिने रंगाच्या कारखान्यात असतो, पुढचे वर्षभर कीटकनाशकाच्या, त्यानंतर औषधाच्या. त्याच्या शरीरात तिन्ही कारखान्यांचे विष जमा होते आणि तिन्ही कारखान्यांच्या मस्टरवर त्याचे नाव नसते. तो आजारी पडतो तेव्हा गावी परततो आणि तेथील डॉक्टर त्याच्या बिडीला दोष देऊन मोकळे होतात.

बिडीचा हा मुद्दा वारंवार पुढे केला जातो, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. धूम्रपानाने मूत्राशयाचा कर्करोग होतो, यात शंका नाही. पण तो का होतो? तंबाखूच्या धुरात बीटा-नॅप्थिलअमीन असते, हे त्याचे एक कारण आहे. जे रसायन धुरातून सूक्ष्म प्रमाणात गेले तरी घातक, ते कारखान्यात मुठीमुठीने हाताळणे निर्धोक कसे ठरते? बिडी ओढणाऱ्या कामगाराला दुहेरी संरक्षण हवे; त्याची बिडी हा मालकाच्या सुटकेचा दाखला होऊ शकत नाही.

गूळ, दूध आणि धोका भत्ता

येथे कामगार चळवळीलाही चार शब्द ऐकवणे प्राप्त आहे. ज्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली, तेथील चळवळीला कामगाराच्या शरीराचे मोल शिकवण्याची गरज नव्हती. पण पुढे काय झाले? धूळ आहे, मग गूळ द्या. वाफ आहे, मग दूध द्या. धोका आहे, मग धोका भत्ता द्या. गुळाने घशाखालची धूळ उतरते, दुधाने विष मारले जाते, या समजुतींना वैद्यकशास्त्राचा आधार नाही. फुप्फुसात गेलेला कण गुळाने निघत नाही आणि डीएनएला चिकटलेले बेंझिडीन दुधाने सुटत नाही. भत्ता मागणे म्हणजे विषाचा भाव ठरवणे होय. हवा शोषून घेणारे यंत्र मागायचे सोडून शंभर-दोनशे रुपयांवर समझोते झाले, आणि त्यात लाल, भगवा, तिरंगी असा भेद करता येणार नाही.

दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भारतीय मजदूर संघाची स्थापना केली ती भोपाळमध्ये. त्याच शहराने २९ वर्षांनी जगातील सर्वांत भीषण औद्योगिक संहार पाहिला. कामगार हा उद्योगाचा घटक आहे, भाड्याचे अवजार नव्हे, असे मानणाऱ्या प्रत्येक संघटनेवर म्हणूनच विशेष जबाबदारी येते. वेतनकराराच्या मसुद्यात रसायनांची यादी, हवेच्या मोजणीचे आकडे आणि निवृत्तीनंतरची तपासणी ही कलमे आल्याशिवाय सही होता कामा नये.

विकासविरोधी कोण?

यावर ठरलेले उत्तर येते: एवढी बंधने घातली तर उद्योग चीनकडे जाईल, लहान कारखानदार मरेल. लोटे परशुराम, महाड, तारापूर, डोंबिवली येथील लहान उद्योजकाची अडचण खोटी नाही. पण सांडपाण्याच्या बाबतीत हीच अडचण आली तेव्हा वसाहतीतील कारखान्यांनी मिळून सामाईक प्रक्रिया केंद्रे उभारलीच ना? पाण्यासाठी जे करता आले ते माणसासाठी का करता येऊ नये? प्रत्येक रासायनिक वसाहतीत एक सामाईक व्यवसाय-आरोग्य केंद्र, कारखान्यांच्या वर्गणीतून आणि कामगार विमा रुग्णालयाच्या जोडीने, सहज उभे राहू शकते. मूत्राची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी ही काही चंद्रावर जाण्याइतकी अवघड गोष्ट नव्हे, आणि चंद्रावर तर आपण २०२३ मध्ये जाऊन पोहोचलो आहोत.

राष्ट्राचे औद्योगिकीकरण व्हावे, भारतीय रसायन उद्योगाने जग जिंकावे, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या निर्यातीची खरी किंमत कामगाराची विधवा रुग्णालयाच्या खिडकीवर मोजते, ती निर्यात स्वस्त नसते. तिचे बिल फक्त दुसऱ्याच्या नावावर फाडलेले असते. आपल्या माणसांना विषात उभे करून परक्यांना स्वस्त माल पुरवणे याला स्वदेशी म्हणत नाहीत.

काय व्हायला हवे

पहिली गोष्ट, प्रत्येक कामगाराचे आयुष्यभराचे रसायन-खाते. भविष्य निर्वाह निधीचा बारा अंकी क्रमांक आज कामगाराबरोबर एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जातो. त्याचा रुपया न् रुपया त्याच्यामागे चालत येतो. मग त्याने हुंगलेल्या बेंझिनची नोंद का येऊ नये? त्याच क्रमांकाला तो कोणत्या रसायनापाशी किती काळ होता याची नोंद जोडली, की ठेकेदार बदलला तरी पुरावा हरवणार नाही. ही नोंद मालकाच्या कपाटात नव्हे, शासनाकडे आणि कामगाराच्या हातात असावी. कारखाना बंद करण्याची परवानगी ही नोंद सुपूर्द केल्याशिवाय मिळू नये.

दुसरी, सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉससाठी घालून दिलेली ४० वर्षांची मुदत सर्व ज्ञात कर्करोगकारक रसायनांना लागू व्हावी. तिसरी, नोकरी सोडल्यानंतरची दोन वर्षांची चौकट मोडून टाकावी. ठरावीक प्रक्रियेत ठरावीक वर्षे काम केलेल्या माणसाला तो ठरावीक रोग झाला, तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकावी. चौथी, कामगारांची संख्या कितीही असली तरी धोकादायक व्यवसायाला सुरक्षा संहिता लागू करण्याचा अधिकार शासनाला आहे. तो रासायनिक वसाहतींत वापरावा आणि ठेक्यावरील प्रत्येक माणसाची आरोग्यनोंद मूळ मालकावर बंधनकारक करावी. पाचवी, रुग्णालयातील कर्करोगाच्या प्रत्येक केसपेपरवर रोग्याचा संपूर्ण व्यवसाय-इतिहास लिहिणे सक्तीचे व्हावे. आणि सर्वांत तातडीची सहावी: १९९७ पूर्वी बंदी घातलेल्या रंगांच्या कारखान्यांत काम केलेल्यांना शोधून त्यांची तपासणी सुरू व्हावी. हे काम पुढे ढकलता येणारे नाही. ती माणसे आता थांबू शकत नाहीत.

खंडेनवमीला आपल्याकडे कारखान्याकारखान्यांत यंत्रे धुऊन-पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू वाहतात. शस्त्राचा आणि अवजाराचा सन्मान करणारी ही आपली जुनी, सुंदर रीत आहे. पण यंत्राची नोंदवही असते, त्याच्या दुरुस्तीचे वेळापत्रक असते, त्याचे आयुष्य संपेपर्यंत त्याची निगा राखली जाते. त्या यंत्रापाशी तीस वर्षे उभा राहिलेला माणूस मात्र निरोपाच्या नारळासह फाटकाबाहेर पडतो आणि त्या क्षणी व्यवस्थेच्या लेखी नाहीसा होतो. समुद्रमंथनातले हालाहल एका महादेवाने प्राशन केले, कारण ते पचवण्याचे सामर्थ्य त्याच्यात होते. कामगार हा हाडामांसाचा माणूस आहे. त्याच्या कंठात विष थांबत नाही, ते खाली उतरते. त्याला नीलकंठ म्हणून गौरवण्यापेक्षा त्याचे नाव एका वहीत लिहून ठेवावे आणि ती वही चाळीस वर्षे जपावी. त्याचे एवढे ऋण तरी या राष्ट्राने फेडलेच पाहिजे.